गुण्यात नसलेली भिंत : बाबांच्या संग्रहाच्या कामाच्या नोंदी

८ जून

बाबा घरं बांधायचे आणि पेटी (हार्मोनियम) वाजवायचे. घरात ठरलं: त्यांच्या मागे जे राहिलं आहे त्याचा नीट संग्रह करायचा. हाताशी काय आहे, तर कॅसेटचं खोकं, साइटच्या वह्या, पेटी, घराचे नकाशे, आणि ज्यांना अजून सगळं लख्ख आठवतं अशी थोडी माणसं. यातून दोन गोष्टी व्हायला हव्यात. ऐकता येईल असा आवाजांचा साठा आणि एक छोटी पुस्तिका. आवाजाचं काम माझ्याकडे, पुस्तिकेची जुळणी दादाकडे, नकाराधिकार आईकडे.

दादाने लगेच आराखडा पाठवला. तीन भाग: बांधकाम, संगीत, कुटुंब. त्याच हिशेबाने वह्या लावायला घेतल्या आणि पहिल्याच वहीत काम अडलं. पानाच्या डाव्या बाजूला सळ्यांची वजनं (व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, १२ मिलिमीटरच्या सळईला ०.८८९). उजव्या बाजूला त्याच पेन्सिलीने यमनची बंदिश, तीनतालाच्या सोळा मात्रांचे रकाने पाडून, समेवर फुली, ‘खाली’च्या मात्रेवर शून्य. आणि तळाला आडवं लिहिलेलं: ‘धाकटीची फी, सोमवार.’ हे पान कुठल्या भागात घालायचं म्हणून दादाला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘तिन्हीत घाल.’

तिन्हीत घालणार नाही. वही हाच एक गठ्ठा, पान हीच एक फाइल. विषयवार शोधायचं असेल तर त्याची यादी वेगळी करू. माणसाने जे एका पानावर लिहिलं ते आपण सोयीसाठी तीन ठिकाणी फाडायचं कारण नाही.

१५ जून

वह्यांचं स्कॅनिंग सुरू. इंचाला ४०० ठिपके आणि रंगीत. काळ्या-पांढऱ्यात घेतलं तर वेळ आणि जागा वाचते, पण बाबा एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी सुतारी पेन्सिल वापरत. कोमल स्वराखालची रेघ लाल, आणि साइटवर बदललेलं मापही लाल. रंग गेला की रिषभ शुद्ध होतो आणि बीमचं जुनंच माप खरं वाटायला लागतं.

पानांत सिमेंटची बारीक धूळ आहे. ती कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. गंजलेल्या पिना जिथे सहज निघतात तिथे काढल्या, बाकीच्या तशाच.

२९ जून

कॅसेट. बहुतेक साध्या फेरिक टेपच्या, साठ आणि नव्वद मिनिटांच्या. दोन-तीन १२० मिनिटांच्या आहेत, त्यांची भीती वाटते. तेवढ्याच कवचात जास्त वेळ कोंबायचा तर टेप पातळ करावी लागते. साठवालीची टेप साधारण १८ मायक्रॉन जाडीची असते, एकशेवीसवालीची त्याच्या निम्मी. ती ताणली जाते, मशीनमध्ये गुंडाळली जाते. त्या शेवटी, हात बसल्यावर.

जुन्या कॅसेटचं ठरलेलं दुखणं म्हणजे आतल्या पत्र्याच्या पातीवर चिकटवलेला फेल्टचा चिमुकला तुकडा. टेप हेडला टेकवून धरणं एवढंच त्याचं काम. त्याचा गोंद वाळला की तो गळतो, आणि आवाज दूर कुठून तरी आल्यासारखा बसका होतो. अशी कॅसेट खराब नसते. स्क्रूवाल्या नव्या कवचात टेपची रिळं अलगद हलवली की पूर्ववत बोलायला लागते. हे करताना दादाच्या मुलाला जवळ बसवलं. त्याला वाटत होतं आवाज फेल्टमध्ये असतो.

प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन नव्याने लावावा लागतो. ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर सरळ हेडवर वरचे सूर मारले जातात. स्क्रू अगदी केसभर फिरवायचा आणि ऐकायचं. पेटीच्या भात्याचा फुसफुस आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबायचं. ज्याला एरवी खरखर म्हणून काढून टाकतात तोच इथे कामाला येतो. म्हणून मूळ फाइलवर आवाज ‘स्वच्छ’ करणारं काहीही लावणार नाही.

मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला जवळपास दोन जीबी होतात, होऊ देत. घरच्यांना पाठवायला छोट्या फाइली वेगळ्या.

६ जुलै

आईने पहिली फाइल ऐकली आणि तोंड वाकडं केलं. “हा आवाज त्यांचा नाही. एवढा पातळ नव्हता.”

मला आधी वाटलं, इतक्या वर्षांनी स्मरणात आवाज जाड झाला असेल. तरी तपासायचं ठरवलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये खाली विजेची गुणगुण ऐकू येते. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे तिची रेघ ५० वर आणि दुपटीत १०० वर दिसायला हवी. आलेखात ती १०३ वर होती. टेप थांबवून डेकची स्वतःची गुणगुण वेगळी मोजली, ती बरोबर १०० वर. चाचणीच्या कॅसेटवर डेकचा वेगही ठीक. म्हणजे १०३ ची गुणगुण टेपवरचीच आहे.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण विजेची वारंवारता नेहमी नेमकी ५० नसते, भार वाढला की उतरते. दुसरा साक्षीदार हवा, आणि तो कपाटावरच होता. बाबांची पेटी. तिची काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, आज २७७ हर्ट्झ दाखवते. टेपवर तीच पट्टी २८५ च्या थोडी वर. गुणोत्तर पुन्हा १.०३. दोन्ही साक्षी जुळल्या. तेव्हाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असणार, भरताना टेप सावकाश सरकली, आणि आता ठरल्या वेगाने (सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर) वाजवली की सगळं तीन टक्के घाईत आणि अर्ध्याच्या अर्ध्या सुराने चढं येतं.

वेग उतरवून आईला पुन्हा ऐकवलं. ती काही बोलली नाही, हेडफोन काढून दिला नाही, एवढंच.

७ जुलै

नियम लिहून ठेवते, नाहीतर पुढे घोळ होईल. मशीनच्या दोषाने जे वाकलं ते सरळ करायचं, आणि काय केलं ते फाइलसोबत लिहायचं. बाबांनी जे केलं त्याला हात लावायचा नाही. दादाचं म्हणणं, हे कसं ओळखणार? दर वेळी पुरावा बघून.

१३ जुलै

‘१९८६, सराव’ असं लिहिलेली कॅसेट, दुसरी बाजू. भूप चालू आहे. मध्येच लहान मुलीचा आवाज, “सात आठे?” पेटी थांबत नाही, भाता थांबत नाही. बाबा म्हणतात, “छप्पन्न.” पुढे, “आठ आठे?” या वेळी ते उत्तर देत नाहीत. डाव्या हाताचा भाता तसाच चालू, उजवा हात षड्जावर थांबलेला, आणि मुलगी स्वतःच म्हणते, “चौसष्ट.” मग आलाप जिथे सोडला होता तिथून पुढे.

दादा म्हणतो, ऐकायच्या प्रतीतून हे कापू, रसभंग होतो. मला अजिबात पटलं नाही. ती मुलगी मी आहे म्हणून नव्हे, खरंच. पेटीवाल्याने थांबून षड्ज धरला आणि बापाने उत्तर दिलं नाही, हे एकाच क्षणी घडलेलं मला दुसरीकडे कुठे मिळणार आहे? ठेवलं.

२० जुलै

आईची मुलाखत. दोन यंत्रं लावली, एक फोन आणि एक रेकॉर्डर, कारण अशी मुलाखत दुसऱ्यांदा तशीच होत नाही. ‘बाबा कसे होते’ असं विचारलं तर माणूस मृत्युलेख सांगायला लागतो: कष्टाळू, मनमिळाऊ, सदा हसतमुख. बाबा हसतमुख नव्हते. म्हणून प्रश्न वस्तूंवर ठेवले. ही किल्ली कशाची, हा डाग कसला, हे कपाट इथे का.

कपाटाच्या प्रश्नावर आई उसळली. “का म्हणजे? तुझ्या बाबांनी जगाची घरं ओळंब्यात बांधली आणि स्वतःच्या घरात पेटीच्या खोलीची भिंत वाकडी घातली. तेव्हापासून ते कपाट भिंतीला लागलेलं नाही. एका बाजूने टेकतं, दुसऱ्या बाजूने हात जातो. तीस वर्षं त्या फटीत वस्तू पडतायत.”

मी विचारलं, चुकली असेल भिंत? आई म्हणाली, “त्यांची? भिंत?”

३ ऑगस्ट

मिस्त्रीकाकांकडे जाऊन आले. घराचं १९८९ मधलं सगळं बांधकाम त्यांच्या हातचं. आता काम करत नाहीत, पण बोलताना हातात थापी असल्यासारखा पंजा फिरतो.

बाबांची परीक्षा कानाची होती, म्हणाले. विटांची गाडी आली की दोन विटा उचलून एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर भट्टी चांगली लागलेली, बद्द वाजली तर गाडी परत. गिलावा वाळला की भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत जायचे, पोकळ वाजेल तिथे खडूने गोल. “आम्ही म्हणायचो, शेठ भिंतीवर तबला वाजवतात. पण ताई, जिथं गोल केला तिथं फोडल्यावर आत पोकळ निघायचंच.” फरशीचंही तेच.

सगळंच गोड नाही. एकदा विटांचा थर ओळंब्यात नव्हता म्हणून बाबांनी छातीएवढी उठलेली भिंत पाडायला लावली. मजुरी कापली नाही, पण सगळ्यांसमोर असं बोलले की काकांचा भाऊ त्या दिवशी काम सोडून गेला तो परत आला नाही. “ते बरोबर होते. पण तसं बोलायला नको होतं.” हे छापायचं का, म्हणून काकांनाच विचारलं. म्हणाले, छापा, भावालाही दाखवतो.

मग त्या भिंतीचं. काकांच्याच शब्दांत उतरवते. (गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं मिस्त्रीचं हत्यार.)

“पायाची आखणी करताना शेठ स्वतः दोरी धरायचे. तीन, चार, पाच. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि तिरपं बरोबर पाच आलं की काटकोन. वर दोन्ही कर्ण मोजायचे, अर्धा इंच फरक आला तर खुंट्या पुन्हा. ह्या खोलीला दोरी लावली, गुण्या लावला, आणि शेठ म्हणाले, गुण्या काढ. ही भिंत पलीकडच्या टोकाला दोन फूट आत घे. मी म्हटलं, शेठ, वीस फुटांत दोन फूट? डोळ्याला दिसंल. म्हणाले, डोळ्याला दिसू दे. मला वाटलं उन्हानं काहीतरी झालं.”

कारण विचारलं नाही का? “विचारलं. म्हणाले, भिंत परत बोलते.”

१० ऑगस्ट

खोली मोजली. लांबी ६ मीटर. एका टोकाला रुंदी ५.४, दुसऱ्या टोकाला ४.८. कर्ण ८.०७ आणि ७.६८. अर्ध्या इंचाला खुंट्या उपटणाऱ्या माणसाच्या घरात कर्णांत ३९ सेंटिमीटरचा फरक.

आईची एक शंका होती की प्लॉटच तिरका असेल. नकाशात बघितलं, ती बाहेरची भिंतच नाही. ही खोली आणि मागची अडगळीची खोली यांच्यामधली साधी अर्ध्या विटेची भिंत आहे. ती सरळ घालायला कुणाचीही आडकाठी नव्हती.

मोजायला कपाट सरकवावं लागलं. फटीतून पेन्सिलींचे तुकडे, एक ओळंब्याची दोरी, आणि दादाचं आठवीचं प्रगतिपुस्तक निघालं. ते तिथे ‘पडलेलं’ नव्हतं, चांगलं उभं खोचलेलं होतं. दादाला फोटो पाठवला. उत्तर नाही.

११ ऑगस्ट

आज ‘भिंत परत बोलते’ या वाक्याच्या मागे लागले.

दोन उघड्या, कडक, समांतर भिंतींमध्ये टाळी वाजवली की आवाज दोघींमध्ये चेंडूसारखा आपटत राहतो आणि एक तर्रर्र अशी झणझण ऐकू येते. भिंतींमध्ये पाच मीटर अंतर असेल तर आवाज जाऊन-येऊन दहा मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला चौतीसेक वेळा परततो. पेटीचा सूर सुटताना ही झणझण त्याच्या शेपटीला चिकटते. उपाय दोन. भिंतीवर काहीतरी मऊ लावा, किंवा भिंती समांतर ठेवू नका. दहाला एक एवढा तिरकेपणा पुरतो. सहा मीटरला साठ सेंटिमीटर म्हणजे बरोबर दहाला एक.

पण तिरक्या भिंतीने आवाज घुमायचा थांबत नाही, फक्त ती झणझण मोडते. घुमण्याचा हिशेब निराळा. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ मध्ये असंच गाऱ्हाणं आलं होतं: नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नाही. त्याने ऑर्गनची नळी आणि वेळ मोजायचं घड्याळ घेतलं, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, आणि किती गाद्यांना आवाज किती लवकर विरतो ते मोजत बसला. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. पुढे १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल त्याच्याच हिशेबावर उभं राहिलं.

आपल्या खोलीला लावून बघितलं. तीन मीटर उंचीने घनफळ सुमारे ९२ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून १२८ चौरस मीटर. गिलावा आवाजाचा फार तर तीन टक्के भाग शोषतो. दारं-खिडक्या सोडून ढोबळ उत्तर: पावणेचार सेकंदांच्या वर. एवढ्यात एक तान दुसरीवर चढून बसते. दहा माणसं बसवली की पावणेदोनवर येतं.

आणि आता वहीतलं एक पान, जे जूनमध्ये स्कॅन करताना मला किराणा हिशेब वाटलं होतं: ‘रिकामी ४. सतरंजी ३. सतरंजी + गोधड्या दोन भिंतींना २. मंडळी असली तर गोधड्या काढा.’ हे सेकंद आहेत. बाबांनी सबाइनचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी टाळी वाजवली आणि मनात मोजलं.

गोधड्या भिंतीला टांगायच्या पितळी कड्या अजून तिथे आहेत. आम्ही त्यांना कपडे वाळत घालायची सोय समजत होतो.

३१ ऑगस्ट

पेटी दुरुस्तीला द्यायची होती, भाता गळतो. देण्याआधी प्रत्येक पट्टी वाजवून रेकॉर्ड केली आणि ट्यूनरवर टिपली. दुहेरी सुरांची पेटी, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, खालचा खर्ज आणि वरचा नर. भात्याच्या मुठीला बाइंडिंगची तार गुंडाळलेली आहे, सळ्या बांधतात ती. तिला वेढेही सळईला घालतात तसेच.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी झाकण उघडून पाच मिनिटांत सांगितलं, “पांढरी चार उतरलेली आहे. कुणीतरी घासलीय. बाकी पेटी छान आहे, एवढी सुरात आणून देतो.” मी म्हटलं, भाता करा, सुरांना हात लावू नका. ते थोडे नाराज झाले. त्यांच्या जागी बरोबरच होतं, बेसूर पेटी आपल्या हातून बाहेर जाणं कुणाला आवडेल?

त्यांच्याकडून भिंग घेऊन बघितलं. पितळी जीभ जिथे रिबिटाने बसवलेली असते तिथे मुळाशी बारीक आडवे ओरखडे. टोकाशी घासली तर जीभ हलकी होऊन सूर चढतो, मुळाशी घासली तर ती लवचिक होऊन सूर उतरतो. म्हणजे उतरवायचाच होता. आणि हे एका सप्तकात नाही. सगळ्या सप्तकांतली पांढरी चार, खर्जातही आणि नरातही, जवळजवळ सारख्याच मापाने खाली आहे, बारा-तेरा सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटी वयाने उतरली असती तर एक पट्टी पाच, दुसरी वीस, तिसरी चढलेली, असं काहीही दिसलं असतं.

१४ सप्टेंबर

पांढरी चार का? बाबा काळी एकमधून वाजवत. काळी एकचा षड्ज धरला तर पांढरी चार हा शुद्ध गंधार.

पेटी समान अंतराने लावलेली असते: सप्तकाचे बारा सारखे तुकडे, प्रत्येक शंभर सेंटचा. त्या हिशेबात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो मात्र पाचास चार या गुणोत्तराचा, ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा फरक. गाणाऱ्याचा गळा तो सांभाळून घेतो, पेटीला गळा नाही. पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे. बाबांनी त्यावर कानस चालवली.

कधी, तेही सापडलं. कॅसेट चढ्या वेगाने वाजते की उतरत्या, याने इथे फरक पडत नाही, कारण सगळे स्वर एकत्रच सरकतात आणि दोन स्वरांमधलं अंतर तेवढंच राहतं. १९८६ च्या कॅसेटवर षड्ज-गंधार ४०० च्या आसपास. १९९१ च्या कॅसेटवर ३८८. मधे घर झालं, मधे ती खोली झाली. सतत घुमणाऱ्या खोलीत चढा गंधार खुपला नसेल, आणि खोली नीट झाल्यावर खुपायला लागला असेल, असा माझा अंदाज. अंदाज म्हणूनच लिहिते.

५ ऑक्टोबर

तबलेवाले काका आले होते. गंधाराचं सांगितलं तर खो खो हसले. “घासत बसायचा! रात्री अकरा वाजता. तुझी आई आतून ओरडायची, सुतारकाम बंद करा.” आईने मान डोलावली.

मग खरी गोष्ट कळली. ही पेटी बाबा घराबाहेर नेतच नसत. साथीला जायचं तर दुसरी पेटी मागून न्यायची, सरळ लावलेली. कारण उघड आहे. गाणाऱ्याचा षड्ज पांढरी एकला असेल तर आपली पांढरी चार त्याचा मध्यम होते, आणि तो चांगलाच उतरलेला लागतो. एक स्वर सरळ करायला त्यांनी बाकीच्या पट्ट्या वाऱ्यावर सोडल्या, पण फक्त आपल्या खोलीत. दुसऱ्याच्या मैफलीत हा हट्ट नेला नाही.

काकांनी एक नाराजीही सांगितली. बाबा साथीला उत्तम, पण स्वतंत्र वादनाला कधी बसले नाहीत. विचारलं की म्हणत, उद्या स्लॅब आहे. “दर वेळी स्लॅब कसा असेल रे?” स्लॅब ओतायला घेतला की मधे सोडता येत नाही हे खरं. अर्ध्यावर थांबलं तर जुनं आणि नवं काँक्रीट नीट धरत नाही, तिथून पाणी झिरपतं. पण काका म्हणतात ते मला पटलं, ते निमित्त होतं. कशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

१९ ऑक्टोबर

पुस्तिकेच्या मजकुरावरून घरात जुंपली.

दादाने तयार केलेलं पहिलं पान असं की, कुणाच्याही वडिलांचं नाव घालून चालेल. मिस्त्रीकाकांच्या भावाचा प्रसंग त्याने गाळला होता. आत्याचा निरोप, ‘गेलेल्या माणसाचं वाईट कशाला?’ मी म्हटलं, यात वाईट काय आहे? ओळंब्याबाहेरची भिंत पाडली हे अभिमानाने छापणार, आणि ती पाडताना जीभ कशी चालली हे गाळणार, हा कसला हिशेब. दादा म्हणाला, मग मीही खरं लिहितो. माझ्या संमेलनात मुख्य भूमिका होती, बाबा कबूल करून आले नाहीत. स्लॅब होता. त्या वर्षीचं सगळं लिहितो. मी म्हटलं, लिही. तो म्हणाला, लिहितोच.

आईने नकाराधिकार वापरला, पण भलत्याच ठिकाणी. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द खोडला. “घरी असायचेच कुठे? पण फीची तारीख कधी चुकली नाही.” तिच्या सांगण्यावरून त्या शब्दाच्या जागी वहीतलं पहिलंच पान छापतोय, सळ्या, यमन आणि सोमवारसकट.

९ नोव्हेंबर

आवाजाचं काम हातावेगळं. १२० मिनिटांच्या कॅसेटही धडपणे उतरल्या. मूळ फाइलींच्या तीन प्रती: एक माझ्या संगणकावर, एक सुट्या हार्ड डिस्कवर, एक दादाच्या घरी. प्रत्येक फाइलसोबत साधी मजकूर-फाइल: कॅसेटवर काय लिहिलं होतं, वेग किती बदलला, कशाच्या आधारे. कॅसेट फेकायच्या नाहीत.

पेटी आली, भाता घट्ट आहे. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली: ‘पांढरी चार मुद्दाम उतरवलेली आहे, काळी एकसाठी. सुरात आणू नये.’ दादाचा मुलगा गिटारबरोबर वाजवायला बसला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, एक बटण बिघडलंय. त्याला काळी एकमधून वाजवायला लावलं. म्हणाला, हां, आता गिटार बिघडलंय.

खोलीच्या आराखड्यालाही पुस्तिकेत एक पान दिलं, दोन्ही कर्णांच्या मापांसह. घर कधी विकलं किंवा नव्याने बांधलं तर भिंत राहणार नाही, माप राहील. आईने आता कपाट दुसऱ्या खोलीत हलवायला सांगितलंय. तीस वर्षांत हे का सुचलं नाही, असं तिला विचारायची कुणाची टाप नाही.

२३ नोव्हेंबर

दादाचं पान आलं. दीड पान आहे, रागाचं आहे, आणि प्रगतिपुस्तकाचाही उल्लेख आहे: त्या वर्षीचे गुण बाबांना दाखवायचे नव्हते म्हणून नव्हे, त्यांनी विचारलंच नाही म्हणून ते फटीत गेलं. आईने वाचलं आणि काही खोडलं नाही. जसंच्या तसं छपाईला दिलं. ‘काँक्रीट’चं शुद्धलेखन तेवढं दुरुस्त केलं.